मोठ्या संख्येचे मूळ अवयव कसे पाडावेत

३१,०७,८८० ही संख्या घ्या. हिला विभाजक किती, ती पूर्ण वर्ग आहे का, असले प्रश्न मूळ अवयव हाती आले की चुटकीसरशी सुटतात. तेव्हा आधी अवयव.

२, ३ आणि ५ काढून टाका. तीनदा २, दोनदा ३, एकदा ५. उरतात ८६३३.

इथवर कोणीही येतो. घसरतात ते इथून पुढे.

८६३३ दिसायला अगदी मूळ संख्या. शेवटी ३, अंकांची बेरीज २०. मी पहिल्यांदा भागत निघालो, ५३ला कंटाळलो आणि ‘मूळ’ लिहून मोकळा झालो. विभाजक आले ४८. खरे उत्तर बरोबर दुप्पट.

‘निम्म्यापर्यंत भागून पाहा’ असे सांगणारे ४३१६पर्यंत स्वतः कधी बसलेले नसतात. वर्गमूळ पुरे. तेही उरलेल्या संख्येचे, सुरुवातीच्या नव्हे: तिचे १७६२च्या पुढे जाते, ८६३३चे मात्र ९३च्या आतच आहे. दोन्ही अवयव ९३ किंवा त्याहून मोठे असते तर गुणाकार निदान ८६४९ झाला असता. म्हणजे शेवटची तपासायची मूळ संख्या ८९, आणि नेमका तिनेच भाग जातो! ८९पर्यंत न जाता ‘मूळ’ हा शब्द लिहायचा नाही.

७, ११, १३ वेगवेगळे तपासू नका. तिघांचा गुणाकार १००१, म्हणून शेवटच्या तीन अंकांतून आधीचा ८ वजा करा: ६३३ − ८ = ६२५. याला तिघांपैकी कुणाचाच भाग जात नाही, तिघेही एका फटक्यात बाद.

पण आता मी भागाकाराआधी फर्माची युक्ती करून पाहतो. १७व्या शतकातल्या या फ्रेंच गणितज्ञाने शाळेतलेच a² − b² चे सूत्र कामाला लावले. वर्गमुळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या ९३. तिचा वर्ग ८६४९, त्यातून ८६३३ गेले की उरतात १६, म्हणजे ४चा वर्ग. झाले: (९३ − ४) × (९३ + ४) = ८९ × ९७. ज्याच्यासाठी मी दुपार घालवली ते एका ओळीत.

मात्र ही युक्ती अवयव एकमेकांच्या जवळ असले तरच लवकर फळते, आणि संख्या विषम हवी. ९३ने जमले नसते तर ९४, ९५ करून पाहायचे; चार-पाच प्रयत्नांत वर्ग सापडला नाही तर हट्ट सोडून मुकाट्याने भागायला बसा.

बाकीचे किरकोळ. घातांक ३, २, १, १, १; प्रत्येकात एक मिळवून गुणा: ४ × ३ × २ × २ × २ = ९६ विभाजक. पूर्ण वर्ग नाही, कारण विषम घातांक आहेत. विभाजकांची बेरीज हवी असेल तर २साठी १ + २ + ४ + ८ = १५, ३साठी १ + ३ + ९ = १३, तसेच ६, ९० आणि ९८; सगळ्यांचा गुणाकार १,०३,१९,४००.