डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये सोबत्यांना रांधून वाढणारे पात्र कसे घडवावे

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळात सोबत्यांना सावरणारे पात्र म्हटले की बहुतेक खेळाडूंच्या डोळ्यांसमोर ऐन लढाईत मंत्र टाकणारा क्लेरिक (पुजारी) उभा राहतो. आचाऱ्याचे सामर्थ्य मात्र लढाईत नसते, ते दोन लढायांच्या मधल्या विश्रांतीत असते. हे पात्र घडवणारे अनेकजण इथेच चुकतात: कौशल्य निवडतात, पातेली-पळ्या विकत घेतात, आणि मग त्यांचा गट दिवसभरात एकदाही चूल पेटवण्यापुरता थांबत नाही. म्हणून पुढची प्रत्येक पायरी विश्रांतीला केंद्रस्थानी ठेवून मांडली आहे. आकडे २०१४च्या पाचव्या आवृत्तीचे आहेत. २०२४च्या सुधारित नियमांतले फरक ओघात येतील.

पायरी पहिली: नियम नीट वाचा

या पात्राचा कणा म्हणजे ‘शेफ’ हे फीट (पात्राला मिळणारी खास क्षमता). ते २०२०च्या ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या पुस्तकात आले. ते घेतल्यावर कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) किंवा विस्डम (शहाणपण) यांपैकी एक गुण १ने वाढतो आणि स्वयंपाकाच्या साधनांची प्रोफिशियन्सी (प्रावीण्य) मिळते. त्याशिवाय दोन गोष्टी हाती येतात. पहिली म्हणजे पंगत: शॉर्ट रेस्टच्या (तासाभराच्या विश्रांतीच्या) वेळी, साहित्य आणि साधने जवळ असतील तर, ४ अधिक तुमचा प्रोफिशियन्सी बोनस (लेव्हलबरोबर वाढणारा प्रावीण्याचा आकडा) इतक्या जणांना पुरेल असे जेवण तुम्ही करू शकता, आणि ते जेवून जो किमान एक हिट डाय (विश्रांतीत टाकून जीवनशक्ती परत मिळवण्याचा फासा) खर्च करतो त्याला १डी८, म्हणजे आठ बाजूंच्या एका फाशावर पडतील तितके, हिट पॉइंट (जीवनशक्तीचे गुण) जास्तीचे मिळतात. दुसरी म्हणजे शिदोरी: लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती) संपताना, किंवा एरवी एक तास खपून, प्रोफिशियन्सी बोनसइतके खाऊचे नग तयार होतात, ते आठ तास टिकतात, आणि बोनस ॲक्शन (आपल्या पाळीतली जास्तीची छोटी कृती) वापरून एक नग खाल्ला की बोनसइतकेच तात्पुरते हिट पॉइंट मिळतात.

यातली ‘किमान एक हिट डाय खर्च करतो’ ही अट सहज नजरेतून सुटते. ज्याचे हिट डाइस संपले आहेत त्याला तुमच्या जेवणाचा काहीही उपयोग नाही, आणि २०१४च्या नियमांत लाँग रेस्टनंतरही खर्ची पडलेल्यांपैकी सगळे डाइस परत येतीलच असे नाही, एकूण संख्येच्या निम्मेच येतात. सोबत्यांनी एकाच विश्रांतीत सगळे डाइस उधळण्याऐवजी प्रत्येक विश्रांतीत थोडे थोडे वापरावेत, हे त्यांना पटवून देणे आचाऱ्याचेच काम आहे. पाचव्या लेव्हलच्या चौघांचा गट धरला तर एका पंगतीतून सरासरी १८ हिट पॉइंट जास्तीचे मिळतात. दिवसात दोन वेळा थांबलात तर ३६, आणि तेही एकही स्पेल स्लॉट (मंत्र टाकण्याची मोजकी संधी) न खर्चता.

पायरी दुसरी: वर्ग आणि गुण ठरवा

क्लेरिक आणि बार्ड (गाण्यातून जादू करणारा) दोघेही चांगले आचारी होऊ शकतात. बार्डचे ‘साँग ऑफ रेस्ट’ त्याच शॉर्ट रेस्टमध्ये हिट डाय वापरणाऱ्याला वेगळा लाभ देते आणि तो जेवणाच्या १डी८वर अधिक मिळतो. तरीही माझी पसंती ड्रुइडला (निसर्गाची जादू करणाऱ्याला) आहे, कारण अन्नाशी नाते सांगणारे मंत्र त्याच्या यादीत पहिल्या लेव्हलपासून आहेत: दहा फळे निर्माण करणारे ‘गुडबेरी’, नासलेले किंवा विषारी अन्नपाणी शुद्ध करणारे ‘प्युरिफाय फूड अँड ड्रिंक’, आणि ऐन वेळी कोसळलेल्या सोबत्याला उठवण्यासाठी ‘हीलिंग वर्ड’.

पात्राची जात म्हणून ‘व्हेरियंट ह्यूमन’ (मानवाचा पर्यायी प्रकार) निवडल्यास फीट पहिल्याच लेव्हलला मिळते. नेहमीच्या ठरलेल्या आकड्यांमधले १५ विस्डमला आणि १४ कॉन्स्टिट्यूशनला द्या. मानवाचे दोन +१ याच दोघांवर ठेवले की ते १६ आणि १५ होतात, आणि शेफचा +१ कॉन्स्टिट्यूशनला दिला की दोन्ही गुण १६वर येतात. मंत्रांना विस्डम लागते, तर मार खाल्ल्यावरही कॉन्सन्ट्रेशन (चालू मंत्रावरचे लक्ष) टिकवण्यासाठी कॉन्स्टिट्यूशन, त्यामुळे यातला एकही आकडा वाया जात नाही. उरलेल्यांतले १३ डेक्स्टेरिटीला आणि ८ स्ट्रेंग्थला द्यावेत. २०२४च्या नियमांत शेफ चौथ्या लेव्हलच्या आधी घेता येत नाही, तेव्हा तिथे पहिल्या तीन लेव्हल गुडबेरीच्या आधाराने काढाव्या लागतात.

पायरी तिसरी: पार्श्वभूमी निवडा, पण साहित्याचा विचार करून

‘गिल्ड आर्टिझन’ ही पार्श्वभूमी सर्वांत आधी सुचते, पण तिच्यातून मिळणारी स्वयंपाकाच्या साधनांची प्रोफिशियन्सी शेफ फीट तुम्हाला आधीच देते. त्यापेक्षा ‘आउटलँडर’ घ्यावी. जमीन अगदीच उजाड नसेल तर हा माणूस स्वतःसाठी आणि आणखी पाच जणांसाठी रोजचे अन्न आणि गोडे पाणी शोधू शकतो. साहित्य जवळ असावे ही शेफची अट आहे, आणि या एका निवडीने ती बहुतेक ठिकाणी भागते. आउटलँडरकडून सर्व्हायव्हल हे कौशल्य मिळतेच. ड्रुइडच्या यादीतून परसेप्शन आणि मेडिसिन घ्या. साधने मात्र विसरू नका: त्यांची किंमत एक सुवर्णनाणे आणि वजन आठ पौंड आहे.

डंजन मास्टरला (खेळ चालवणाऱ्याला) २०१७च्या ‘झॅनाथार्स गाइड टू एव्हरीथिंग’मधले साधनांचे नियम चालतात का, हेही विचारून घ्या. त्यांनुसार स्वयंपाकाची साधने जाणणाऱ्याचे जेवण जेवल्यास तो स्वतः आणि आणखी पाच जण, खर्च केलेल्या प्रत्येक हिट डायमागे एक हिट पॉइंट जास्त मिळवतात. त्याच नियमांत अन्नातले विष ओळखण्यासाठी १५ची अडचण (फासा टाकून गाठायचा किमान आकडा) दिलेली आहे. सरदाराच्या मेजवानीत ताट पुढ्यात आल्यावर घास घेण्याआधी वास घेणारा आचारी कथेला किती वळणे देऊ शकतो, हे एकदा खेळल्याशिवाय कळत नाही.

पायरी चौथी: दिवसाचे वेळापत्रक बसवा

रात्री झोपण्याआधी उरलेले स्पेल स्लॉट गुडबेरीवर खर्च करा. ही फळे चोवीस तास टिकतात आणि प्रत्येक फळ एक हिट पॉइंट आणि दिवसभराचे पोषण देते, त्यामुळे नाहीतरी सकाळी नव्याने मिळणारे स्लॉट वाया जाण्याऐवजी दुसऱ्या दिवशीची बेगमी होते. फळे स्वतःच्या झोळीत साठवू नका, प्रत्येक सोबत्याकडे दोन-तीन द्या. आचारी स्वतःच कोसळला तर त्याच्या तोंडात फळ घालणारा कुणीतरी हवा, आणि त्याच्याजवळ फळही हवे. लाइफ डोमेनच्या क्लेरिकची एक लेव्हल घेतली तर २०१४च्या नियमांत प्रत्येक फळ चार हिट पॉइंट देते. काही डंजन मास्टरांना हे अति वाटते आणि २०२४च्या नियमांनी ती वाट बंद केली आहे, म्हणून आधी विचारलेले बरे.

सकाळी उठल्यावर शिदोरी बांधा. इथे सर्वसाधारण सल्ला असा दिला जातो की नग लढाईत खावेत, कारण ते बोनस ॲक्शनने खाता येतात. मला तो पटत नाही. तात्पुरते हिट पॉइंट लाँग रेस्टपर्यंत टिकत असल्याने, दार फोडून आत शिरण्याआधीच खाऊन घेतले तर लढाईतली बोनस ॲक्शन मोकळी राहते. फक्त एवढे ध्यानात ठेवा की तात्पुरते हिट पॉइंट एकावर एक साठत नाहीत, जुने आणि नवे यांपैकी एकच संच ठेवता येतो. त्यामुळे एकाने तीन नग खाण्यात अर्थ नाही, आघाडीच्या तिघांनी एकेक खावा.

दुपारच्या पंगतीसाठी सुरक्षित तास मिळवणे हे सर्वांत कठीण काम आहे. गटात विझार्ड असेल तर त्याला ‘रोप ट्रिक’ (गटाला लपायला जागा देणारा मंत्र) शिकण्याची गळ घाला, कारण त्या मंत्राची मुदत बरोबर एक तासाची, म्हणजे एका शॉर्ट रेस्टची आहे. फायटर, माँक आणि वॉरलॉक यांची निम्मी ताकद शॉर्ट रेस्टनेच परत येते, तेव्हा थांबायचे की पुढे जायचे या वादात ते तुमच्या बाजूने बोलतील. खेळ सुरू होण्याआधीच त्यांच्याशी हे बोलून ठेवा.

पायरी पाचवी: प्रत्येकाच्या आवडीची नोंद ठेवा

आकडे बसले तरी पात्र जिवंत होते ते वाढताना. कॅरेक्टर शीटच्या मागे प्रत्येक सोबत्याच्या नावापुढे तीन गोष्टी लिहा: त्याला काय आवडते, काय चालत नाही, आणि कशाची आठवण येते. पहिल्या दोन गोष्टी खेळाडूला सरळ विचारा; तिसरी मात्र शेकोटीभोवतीच्या संभाषणातून काढा. पदार्थ जिथे खेळता त्या प्रदेशातले असू द्या. मोहीम आइसविंड डेल या खेळातल्या बर्फाळ प्रदेशात असेल तर तिथल्या टेन-टाउन्स या वस्त्यांच्या तळ्यांत नकलहेड ट्राउट मिळतो, आणि बर्फात काकडलेल्या सोबत्यांना त्या माशाचे गरम कालवण वाढणे हा एक वाक्याचा प्रसंग असला तरी सगळ्यांच्या लक्षात राहतो. वर्णन दोन वाक्यांच्या पुढे नेऊ नका. इतरांनाही बोलायचे असते.

पायरी सहावी: अकराव्या लेव्हलची तयारी आधीपासून करा

पाचव्या लेव्हलला पंगत सातजणांची होते आणि नवव्या लेव्हलला आठजणांची. अकराव्या लेव्हलला ड्रुइडला ‘हीरोज फीस्ट’ मिळतो. या मेजवानीत बाराजण बसू शकतात, जेवायला एक तास लागतो, आणि त्यानंतर चोवीस तास कुणाला विष बाधत नाही, कुणी भयाने गोठत नाही, शिवाय प्रत्येकाची कमाल हिट पॉइंटची मर्यादा २डी१०ने वाढते. त्यासाठी लागणारा किमान एक हजार सुवर्णनाण्यांचा रत्नजडित वाडगा प्रत्येक वेळी नष्ट होतो आणि तो गावच्या बाजारात मिळत नाही. म्हणून नवव्या लेव्हलला पोहोचलात की लुटीच्या वाटणीत रोकड मागण्याऐवजी असे वाडगे मागायला लागा, आणि एखादा कसबी सोनार या मोहिमेच्या वाटेवर भेटेल का, हे डंजन मास्टरला तेव्हाच विचारून ठेवा.