शिवराई ऑनलाइन लिलावात घ्यायची असेल तर

सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात मी 31 वर्षं दिवाणजी होतो. हळदीचे सौदे ऐकत म्हातारा झालो, त्यामुळे लिलाव आपल्याला कळतो अशी घमेंड होती. पहिल्याच ऑनलाइन लिलावात ती उतरली. शिवराई म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, आणि दुदांडी म्हणजे त्यावर दोन आडव्या रेघा असलेला प्रकार. 2,400 ला निघालेल्या अशा दुदांडी शिवराईचं बिल तीन हजारांच्या वर आलं. कुणी फसवलं नव्हतं. नियमावलीत सगळं लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं.

म्हणून सुरुवात नियमावलीपासून. तिच्यात ‘बायर्स प्रीमियम’ हा शब्द शोधा. बोली ज्या आकड्यावर थांबते तो हातोड्याचा भाव. त्यावर लिलाव घराची टक्केवारी, तोच हा बायर्स प्रीमियम, मग जीएसटी, मग पोस्ट आणि विमा. माझ्या वेळी टक्केवारी 15 होती, म्हणजे 2,400 वर 360. पोस्टाचे 180 धरले की 2,940, आणि कर अजून बाकी. यार्डात हमाली-तोलाई डोक्यात धरूनच आम्ही भाव बोलायचो, इथे तेवढंच विसरलो. प्रत्येक घराची टक्केवारी वेगळी असते, तेव्हा दर वेळी बघायची.

नोंदणीचं फार काही नाही. नाव, पत्ता, पॅन, फोनवर ओटीपी. काही ठिकाणी नव्या माणसाकडून अनामत घेतात किंवा बोलीला मर्यादा घालतात. मंजुरीला एक-दोन दिवस लागू शकतात, लिलावाच्या सकाळी खातं उघडायला बसू नका.

आता माल. यार्डात पोत्यात हात घालून हळकुंड मोडून बघता येतं, इथे फोटोच. दोन्ही बाजूंचा फोटो, वजन आणि व्यास दिलेला नसेल तर मी तो लॉट, म्हणजे लिलावातला तो नग, सोडतो किंवा ईमेल करून मागवतो. शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ तीन ओळींत आणि दुसरीकडे ‘छत्रपति’. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे अक्षरं कडेला कापलेली असतातच, त्यावरून नाणं खोटं ठरवू नका. उलट सगळी अक्षरं गुबगुबीत, पृष्ठभागावर बारीक खड्डे आणि कडेला जोडाची रेघ दिसली तर ते साच्यात ओतलेलं, म्हणजे नकली आहे असं समजा. तांबं नारिंगी चकचकीत दिसत असेल तर कुणीतरी चिंच किंवा ॲसिड लावून घासलंय. अस्सल असेल, पण किंमत गेली. चांदीत 1939 सालच्या रुपयापासून विशेष सावध. तो दुर्मीळ, म्हणून त्याच्या नकला उदंड.

वर्णनातल्या दर्जाच्या शब्दांवरही हुरळू नका. ‘फाइन’ म्हणजे छान असं आपल्याला वाटतं, पण नाण्यांच्या बाजारात ते चांगलंच झिजलेलं नाणं. ‘व्हेरी फाइन’ त्याच्या वर, ‘एक्स्ट्रीमली फाइन’ आणखी वर.

खरी गंमत बोलीत. आमच्या वडिलांच्या काळी रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव सांगायची रीत होती. हत्ता पद्धत म्हणायचे तिला. कोण किती बोलला ते शेजाऱ्याला कळायचं नाही. साइटवरची प्रॉक्सी बोली मला तशीच वाटली, फक्त रुमालाखाली माणसाच्या जागी यंत्र. तुम्ही तुमचा शेवटचा आकडा त्याच्या कानात सांगायचा. समजा बोली 1,000 वर आहे, बोली चढायचा टप्पा 100 चा आहे आणि तुम्ही 3,000 सांगितले. दुसऱ्याने कमाल 1,800 ठेवले असतील तर यंत्र तुमच्या वतीने 1,900 वर थांबतं. 3,000 द्यावे लागत नाहीत. दोघांचा आकडा सारखाच निघाला तर सहसा आधी सांगणाऱ्याला माल मिळतो, म्हणून आकडा ठरला की लवकर टाकावा.

आकडा ठरवायचा कसा? मी उलटा हिशेब करतो. घरात आणेपर्यंत 3,000 च्या वर जायचं नाही असं ठरलं, तर पोस्ट, कर, टक्केवारी वजा करत मागे येतो आणि जे उरेल ते कागदावर लिहून कीबोर्डखाली ठेवतो. समोर कुणीतरी शंभर-शंभर चढवत असला की रक्त तापतं. यार्डात मी भल्याभल्या व्यापाऱ्यांना ईर्ष्येने तोट्याचा माल घेताना पाहिलंय.

शेवट कसा होतो तेही आधी बघा. ईबेसारख्या साइटवर घड्याळ ठरल्या सेकंदाला थांबतं, म्हणून लोक शेवटच्या क्षणी उडी मारतात. बऱ्याच ठिकाणी मात्र अखेरच्या मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढते, तिथे ती युक्ती वाया. सभागृहात चाललेला लिलाव इंटरनेटवर दाखवत असतील तर आवाज एक-दोन सेकंद मागे असतो. ‘तीन वार’ ऐकून बटण दाबाल तोवर पुढचा लॉट आलेला असतो. (आपलं ईबे इंडिया 2018 च्या ऑगस्टमध्ये बंद झालं. अजून हळहळ वाटते.)

एकदा बोली लागली की ती मागे घेता येत नाही असं धरून चाला. बिल आलं की मुदतीत पैसे भरा, नाहीतर पुढच्या वेळी खातं बंद. पैसे बिलावरच्या कंपनीच्या खात्यातच टाकायचे. ‘रिझर्व्ह बँकेकडून बोलतोय, जुन्या नाण्याचे लाखो देतो, आधी शुल्क भरा’ असा फोन आला तर ठेवून द्या. असल्या व्यवहाराशी आपला संबंध नाही हे बँकेने 2021 मध्येच जाहीर केलंय.

न्यू जर्सीचा भाचा म्हणतो, मामा, मला एक पाठवा. नाही पाठवता येत. शंभर वर्षांवरचं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. त्याला म्हटलं, दिवाळीला ये आणि बघ.

पाकीट आलं की मोबाइलवर चित्रण चालू ठेवून फोडा, लगेच वजन करा आणि वर्णनाशी ताडा, तक्रारीची मुदत थोडी असते. मग वहीत तारीख, लॉट नंबर, वजन आणि दोन रकाने: हातोड्याचा भाव, एकूण खर्च. घरी विचारलं की मी पहिला रकाना वाचून दाखवतो.