घरच्या कामासाठी वेल्डिंग मशीनचं व्होल्टेज निवडताना या चुका टाळा

कोल्हापुरात वेल्डिंगवाला शोधत फिरावं लागत नाही, शिवाजी उद्यमनगरात हाकेच्या अंतरावर मिळतो. तरी आपल्या दारचं गेट, कुंड्यांचा स्टँड आपणच जोडायची हौस मला कळते, कारण मलाही तीच आहे. मशीन घेताना पहिला प्रश्न असतो, '२३० चं घेऊ की ४१५ चं?' घरी सिंगल फेज असेल तर २३० चंच इन्व्हर्टर मशीन, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक कार्ड असलेलं हलकं मशीन घ्या. खरी चूक पुढे होते.

जुनं तेलाचं, म्हणजे तेलात बुडवलेल्या ट्रान्सफॉर्मरचं मशीन स्वस्तात मिळतंय म्हणून लोक उचलून आणतात. त्यातली बरीचशी दोन फेजवर, म्हणजे ४१५ व्होल्टवर चालणारी असतात. घरच्या २३० वर लावली की आउटपुटही जवळपास निम्म्यावर येतं आणि रॉड नुसता घासत बसावा लागतो. उलट चूक जास्त महागात पडते. फक्त २३० चं मशीन चुकून दोन फेजवर जोडलं, की आतलं कार्ड तिथल्या तिथे उडतं. अमेरिकेतून कुणी १२० व्होल्टचं मशीन आणून दिलं तर तेही थेट आपल्या प्लगात घालू नका.

आता माझी फजिती. पहिलं गेट करत होतो. २०० अँपियरचं मशीन, बारा नंबरचा म्हणजे साधारण अडीच मिलिमीटर जाडीचा रॉड, १६ गेजचा चौकोनी पाईप. रॉड सारखा चिकटायचा. करंट ८० वरून १०० वर नेला की पिवळा दिवा लागून मशीन बंद. मशीनच खराब आहे असं धरून मी ते उद्यमनगरातल्या ओळखीच्या मिस्त्रींकडे नेलं. त्यांनी लावून बघितलं, सरळ टाका मारला आणि म्हणाले, "मशीनला कशाला शिव्या घालतोयस गड्या? वायर बघ की आधी."

घरी येऊन मशीनच्या प्लगवर मल्टिमीटर धरला. मशीन नुसतं चालू असताना २२६ व्होल्ट, आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाची ठिणगी, पेटल्यावर १९२. मी ३० मीटरची, १ स्क्वेअर एमएमची एक्स्टेन्शन वायर वापरत होतो. जाऊन-येऊन ६० मीटर तांबं, म्हणजे साधारण १ ओहम. १६ अँपियर ओढले की १६ व्होल्ट वायरीतच संपले. बाकीच्यांतले बरेचसे प्लगमध्ये गेले होते: पिना काळ्या पडल्या होत्या, एका बाजूचं प्लॅस्टिक वितळून आत बसलं होतं. मी वेल्डिंग करत होतो त्या ६ अँपियरच्या बोर्डावर एरवी मिक्सर चालतो. आज तो प्लग हातात घेतला की अंगावर काटा येतो, कारण त्याच भिंतीला मीटरची पेटी आहे.

म्हणून मशीन घ्यायच्या आधी वायरिंग बघा. बारा नंबरच्या रॉडला ६० ते ९० अँपियर लागतात. तेवढ्यासाठी मशीन लाइनीतून साधारण १५ अँपियर ओढतं, म्हणजे चांगला १६ अँपियरचा पॉइंट पुरतो. त्याहून जाड असलेला दहा नंबरचा रॉड १२० वर चालवला की हाच आकडा २० च्या पुढे जातो. मग मीटरपासून ४ स्क्वेअर एमएमची स्वतंत्र लाइन आणि तिला साजेसा एमसीबी हवा. सध्याचा एमसीबी पडतोय म्हणून नुसता मोठा बसवू नका. वायर तीच राहिली तर ती भिंतीत तापत राहते.

दुकानात मशीनच्या पुढच्या बाजूचा मोठा आकडा बघून भुलू नका. मागची प्लेट वाचा. इनपुट व्होल्टेज, लाइनीतून ओढला जाणारा जास्तीत जास्त करंट आणि ड्युटी सायकल तिथे असते. ६० टक्के लिहिलं असेल तर त्या करंटवर १० मिनिटांतली ६ मिनिटंच काम, मग विश्रांती. वीजबिलावरचा मंजूर भारही त्याच वेळी बघून ठेवा.

आपल्याकडच्या पावसात पार्किंगची फरशी महिनोन् महिने ओली असते. आर्क नसतानाही होल्डरवर ६० ते ८० व्होल्ट उभे असतात. ओल्या हातमोज्यांनी रॉड बदलू नका, पायाखाली कोरडी फळी घ्या, आणि मशीनचं अर्थिंग खरंच लागलंय का हे वायरमनकडून तपासून घ्या.

आणि रॉड चिकटला की करंटचं बटण फिरवण्याआधी मल्टिमीटर लावा. आर्क पेटलेला असताना दुसऱ्याला आकडा वाचायला सांगा. २०० च्या खाली दिसला तर आधी वायर आणि प्लग बदला.