पक्षाघात टाळायचा तर आधी मीठ मोजा

पक्षाघाताचं सर्वात मोठं कारण वाढलेला रक्तदाब, आणि तो वाढवण्यात मिठाचा हात मोठा. माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून थोडं कमी मीठ पुरे. लोणचं-पापडातलंही त्यातच धरायचं.

मोजायचं कसं? मिठाची पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. चार माणसांच्या घरात एक किलो मीठ अडीच महिने पुरलं, तर स्वयंपाकातून माणशी साधारण ३.३ ग्रॅम जातं. महिन्यातच संपलं, तर ८ ग्रॅमच्या वर!

एकदम कमी केलंत तर घरचे वरून मीठ घेतील. म्हणून आधी पाव हिस्सा कमी करा, दोन-तीन आठवड्यांनी जीभ सरावली की आणखी थोडं. सुरुवात कणकेपासून करा. तिथलं मीठ गेलेलं फारसं कळत नाही. आमटी-उसळीत आमसूल किंवा लिंबू वाढवलं की अळणीपणा झाकतो. खरी गोम तोंडी लावण्यात: लोणचं, पापड, सांडगी मिरची, ठेचा. पापडात मिठाशिवाय पापडखारही असतो, त्यातही सोडियमच, म्हणजे मिठातला रक्तदाब वाढवणारा घटक. रोज यातलं एकच, तेही चिमूटभर. त्याऐवजी कमी मिठाची जवसाची चटणी, काकडी, मुळा.

सैंधव घेऊन काही साधत नाही. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं, डॉक्टरांना विचारूनच आणा. गोळ्या मात्र परस्पर बंद करू नका.