हातपाय गार पडतात तेव्हा आधी रंग बघा

आमचं गाव कडोली, भाजीपाल्याचं. माल बेळगावच्या मार्केटला वेळेत पोचवायचा तर पहाटेच मेथी, बीट धुवायला बसावं लागतं. डिसेंबरात हौदातलं पाणी हाताला नुसतं चावतं. तीन वर्षांमागं असंच धुताना माझ्या दोन्ही हातांची बोटं पेरापासून खडूसारखी पांढरी पडली, मग निळसर झाली. चुलीपुढं बसले तशी लालबुंद होऊन ठणकायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "वात आहे गं, तेल चोळ."

तेल चोळा, पण आधी रंग बघा. पांढरा, निळा, लाल असं होत असेल तर त्याला रेनॉड म्हणतात. १८६२ साली एका फ्रेंच डॉक्टरानं त्याचं वर्णन केलं, त्याचंच नाव. थंडीनं बोटातल्या बारीक रक्तवाहिन्या एकदम आवळतात. दवाखान्यात जाईपर्यंत बोटं पुन्हा नीट दिसतात, म्हणून त्याच वेळी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. माझं निदान फोटो बघूनच झालं. चाळिशीनंतर सुरू झालं असेल, एकाच हाताला होत असेल किंवा बोटाच्या टोकाला जखम होत असेल तर अजिबात थांबू नका.

पाय गार लागत असतील तर तळहातानं नव्हे, हाताच्या पाठीनं दोन्ही पाय चाचपा. एकच पाय अचानक गार, पांढरा पडून दुखायला लागला तर त्याच तासाला मोठं हॉस्पिटल गाठा. चालताना पोटरी भरून येते आणि थांबलं की उतरते, अशी तक्रार असेल तर दंड आणि घोटा दोन्हीकडचं बीपी मोजून घ्या. घोट्याचा आकडा दंडाच्या ०.९ पट किंवा त्याहून कमी आला, तर पायाची धमनी अरुंद झालेली असू शकते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर हे मनावर घ्याच. निपाणीकडं तंबाखूवर घरं चालतात, हे मला कळतं. तरी सांगते, त्या धुरानं तरण्या माणसांच्याही हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद पडतात, बोटं कापायची वेळ येते.

रक्त तपासताना हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर आणि बी-१२ बघायला सांगा. बीपीच्या काही गोळ्यांनीही हात गार पडतात. गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

एक चूक आमच्याच घरात झाली. सासूबाईंना साखर. पाय गार लागतात म्हणून त्यांनी तापलेली वीट फडक्यात गुंडाळून पायाशी घेतली. पाय बधिर, चटका कळलाच नाही. सकाळी टाचेला रुपयाएवढा फोड, आणि तो भरायला दोन महिने गेले. बधिर पायाला वीट नको, गरम पाण्याची पिशवी नको. लोकरीचे मोजे घाला.

हात ऊबदार राहायला आधी अंग ऊबदार लागतं. मी आता स्वेटर, कानटोपी घालून, रबरी हातमोज्यांच्या आत सुती मोजे घालून बसते. हौदातलं रात्रीचं पाणी घेत नाही. बोरचं ताजं पाणी पहाटे कोमट असतं, त्यात धुते. करंट नसला तर धुणं राहू देते आणि तोवर पेंढ्या बांधते.