या चुका टाळा : घोड्याच्या मानेची कमान आणि आतले मणके

घोड्याच्या मानेचे मणके आयाळीखालून जातात अशी बहुतेक नव्या स्वारांची समजूत असते, आणि मान हाताळताना होणाऱ्या बऱ्याच चुका या समजुतीतूनच उपजतात. घोडा शांत उभा असताना मानेच्या बाजूवर तळहात सपाट ठेवून दाबून पाहावे. आयाळीलगत हाताला लागते ती चरबी आणि माथ्यापासून पाठीपर्यंत गेलेला चिवट बंध. हाडांचे उंचवटे त्याच्या बरेच खाली सापडतात. कानांमागे वर असलेली ही सात मणक्यांची ओळ खांद्याकडे येताना मानेच्या खालच्या कडेपर्यंत उतरते आणि मग पुन्हा वर वळून पाठीच्या मणक्यांना मिळते. म्हणजे आपल्याला दिसणारी कमान एक आणि आतल्या हाडांची रेषा निराळी.

लगाम खेचून कमान घडवू पाहणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक होय. वाकायला हवे ते डोके आणि पहिला मणका यांच्यामधल्या सांध्यात. पण हात कठोर झाला की घोडा त्याऐवजी दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यापाशी मुडपतो. बाजूने पाहिल्यास मानेचा सर्वांत उंच भाग कानांपासून वीतभर मागे सरकलेला दिसतो आणि नाक छातीकडे वळलेले असते. घसा दाबला गेल्याने श्वासमार्ग अरुंद होतो, आणि समोरचेही घोड्याला नीट दिसत नाही. बळजबरीने साधलेली ही अतिवक्रता आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने २०१० मध्ये अमान्य ठरवली. यावर उपाय हात आणखी घट्ट करण्याचा नसून लगाम हळूहळू सोडत पायांनी घोडा पुढे चालवण्याचा आहे.

उलट टोकाची चूकही तितकीच त्रासदायक असते. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात उंच मानेचे मोल होते आणि मारवाडी घोड्याला तशी मान उपजतच लाभलेली असते, यात वावगे काही नाही. मात्र लगामाने वर ताणून मागे ओढलेली मान ही गोष्टच वेगळी. त्या स्थितीत पाचव्या ते सातव्या मणक्यांमधली, मज्जातंतू बाहेर पडण्याची छिद्रे अरुंद होतात आणि पाठ खाली दबते. घोडा डोके वर फेकतो म्हणून ते पट्ट्याने खाली जखडण्याआधी त्याचे दात, लगामाची कडी आणि खोगिराचा बसाव तपासावा. माझ्या मते निम्म्याहून अधिक ‘अडेल’ घोडे अडेल नसतातच.

चांगली ठेवणही सतत धरून ठेवली तर स्नायूंना थकवते, म्हणून दर काही मिनिटांनी लगाम सैल सोडून घोड्याला मान पुढे आणि खाली लांबवू द्यावी. खातानाही मान अशीच खाली लांबावी म्हणून वैरण जमिनीवर घालावी.

ताठरपणा ओळखायला गाजर पुरते. ते घोड्याच्या बरगडीपाशी धरून दोन्ही बाजूंना त्याला मान वळवू द्यावी. एका बाजूला तो मान वाकवण्याऐवजी डोके तिरके करत असेल किंवा पाय हलवून सरकत असेल, तर त्या बाजूला काहीतरी दुखते आहे असे समजावे. हाताने जोर देऊन मान ‘मोकळी’ करण्याच्या फंदात मात्र पडू नये. मागच्या खुरांची टोके घासली जात असतील, लहान वर्तुळात वळताना मागचा पाय बाहेर फेकला जात असेल किंवा चालताना झोक जात असेल, तर मज्जारज्जूवर दाब असण्याची शक्यता असते. अशा वेळी पशुवैद्यकाकडून तपासणी होईपर्यंत त्या घोड्यावर कोणीही बसू नये, कारण तो स्वारासकट कोसळू शकतो.