पोराला डाएटवर टाकण्याआधी घरातली साखर मोजा

पहिलीच गोष्ट, पोराचं वजन जास्त वाटलं तरी त्याला डाएटवर टाकू नका. एकट्याला भाकरी आणि बाकी सगळे समोर बसून बटाटेवडे खातायत, असं केलं की चार दिवसांत पोरगं चोरून खायला शिकतं. आमच्याकडे तेच झालं, गादीखाली चॉकलेटचे कागद सापडले. तेव्हा डोक्यात शिरलं की बदलायचं ते घराचं खाणं, पोराचं वजन त्याच्या मागून येतं.

पण त्याआधी खरंच वजन जास्त आहे का ते बघा, आणि नुसतं नजरेने नका ठरवू. आजीच्या नजरेला प्रत्येक नातवंड वाळलेलंच दिसतं आणि आपल्याला शेजारच्या पोराशी तुलना करायची सवय. बालरोगतज्ज्ञांकडे वाढीचा तक्ता असतो, भारतीय मुलांसाठीचा 2015 चा, त्यात 5 ते 18 वर्षांसाठी वयाप्रमाणे बीएमआयच्या (म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती, त्या आकड्याच्या) रेषा आहेत. त्यातल्या जादा वजनाची आणि लठ्ठपणाची अशा दोन धोक्याच्या रेषा मोठेपणीच्या 23 आणि 27 बीएमआयला जोडलेल्या आहेत, नेहमी ऐकतो तशा 25 आणि 30 ला नाही. कारण आपल्या अंगात त्याच वजनाला चरबी जास्त असते. पुण्यात मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या टीमने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली होती, ती सरासरी 2.7 किलोची आणि इंग्लंडमधली 3.5 किलोची, तरी आपल्या बाळांची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती, कमी होते ते स्नायू. म्हणजे आपण सुरुवातच तशी करतो, त्यामुळे 'खात्यापित्या घरचं आहे, उंची वाढली की बारीक होईल' यावर फार विसंबू नका.

अजून एक, पोराच्या मानेवर मागच्या बाजूला काळा, जरा जाडसर पट्टा दिसतोय का? बऱ्याच आया तो मळ समजून घासत बसतात (मी दोन महिने डाळीचं पीठ लावून घासला). तो मळ नसतो, बऱ्याचदा शरीर इन्सुलिनला (रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाला) नीट दाद देत नसल्याची खूण असते. ते दिसलं, किंवा पोरगं रोज जोरात घोरत असेल, तर डॉक्टरकडे जाच. वाढत्या वयात बऱ्याच मुलांचं वजन कमी करायचंही नसतं, आहे तिथे थांबवायचं आणि उंची वाढू द्यायची, पण ते डॉक्टरांना ठरवू दे.

आता साखर. महिन्याच्या किराण्याची यादी काढा. आमच्या घरात चार माणसं आणि महिन्याला 5 किलो साखर यायची, त्यात मला काही वावगं वाटायचं नाही. मग एक दिवस हिशोब केला, 5000 भागिले 30 भागिले 4, माणशी रोज जवळजवळ 42 ग्रॅम, म्हणजे चहाचे दहा चमचे! आणि ही फक्त डब्यातली, बिस्किटं, सॉस, जॅम, दुधातली पावडर यांतली धरलीच नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दिवसाच्या एकूण कॅलरीजच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी कॅलरीज वरून घातलेल्या साखरेतून याव्यात, जमलं तर 5. दिवसाला 1500 कॅलरी लागणाऱ्या पोराला 10 टक्के म्हणजे साधारण 37 ग्रॅम. कोल्ड्रिंकच्या 250 मिलीच्या एका बाटलीत पंचवीसेक ग्रॅम तिथेच जाते. आणि गूळ घातला की चालतं असं मनात आणू नका, गूळही यातच धरायचा.

एकदम बंद केलं तर घरात महाभारत होतं. आम्ही दर महिन्याला यादीत अर्धा किलो कमी लिहीत गेलो, बस. डबा लवकर तळाला गेला की सगळेच हात आखडता घेतात. दुधातली पावडर आधी दोन चमचे, मग एक, मग नुसतं दूध. पाकिटाच्या मागे 100 ग्रॅमला साखर किती ते पोरालाच वाचायला लावा, ही युक्ती फार चालते. सीबीएसईने 2025 मध्ये शाळांना कशात किती साखर ते दाखवणारे बोर्ड लावायला सांगितलेत, तसा आम्ही फ्रिजवर एक लावला आणि आता ते पोरगंच येणाऱ्या-जाणाऱ्याला लेक्चर देतं.

दुसरी लढाई संध्याकाळी पाचची. शाळेतून आलेलं पोर भुकेने पिसाळलेलं असतं आणि जे हाताला लागेल ते खातं, म्हणून हाताला काय लागतं ते आपण ठरवायचं. फरसाण-बिस्किटाचा डबा माळ्यावर, आणि ओट्यावर फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, चुरमुरे, एखादं केळं. वेळ असेल तर थालीपीठ, नाहीतर उकडलेलं अंडं किंवा मटकीची उसळ. शाळेच्या गेटपासून 50 मीटरच्या आत तळलेलं-गोड विकू नये असा 2020 चा नियम आहे, पण 51 व्या मीटरवर वडापाव असतोच, त्यामुळे घरूनच काहीतरी द्या.

जेवणात मला सगळ्यात जड गेलं ते 'पानातलं टाकायचं नाही'. संस्कार चांगलाच आहे, पण आपण मोठ्यांच्या अंदाजाने वाढतो आणि पोट भरलेल्या पोराला संपवायला लावतो. आता वाढून घ्यायचं त्याने स्वतः, थोडंच घ्यायचं, परत मागायचं असेल तर मागायचं, मग टाकायचा प्रश्नच येत नाही. आणि पानात आधी काकडी-गाजराची कोशिंबीर, भाजी, आमटी. पोळी पाच मिनिटांनी. गवारीला अजूनही तोंड वाकडं होतं, होऊ दे.

जेवताना टीव्ही-मोबाइल बंद, आणि हे बाबांनाही लागू. पूर्वी चिऊचा-काऊचा घास असायचा, आता कार्टूनचा घास झालाय आणि पोराला कळतच नाही की पोट कधी भरलं. आमच्या सासूबाई यावर आठ दिवस रुसल्या होत्या. मग त्यांना कोशिंबीर आणि उसळीचं खातं दिलं, लाड करायचेच आहेत ना, मग यातून करा. आता मटकीला मोड किती आले हे आजी-नातू मिळून बघतात.

खेळ रोज तासभर, दम लागेल असा, सलग नसला तरी चालतो. क्रिकेट कोचिंगला घातलं म्हणजे झालं असं नसतं, तिथे अर्धा वेळ रांगेत उभं राहण्यात जातो. पार्किंगमध्ये लगोरी, डबा ऐसपैस, लंगडी, काहीही. दुकानात चालत पाठवा. झोप 6 ते 12 वयाला 9 ते 12 तास लागते, आणि आपल्याकडे बाबा येईपर्यंत साडेनऊला जेवण, म्हणून ती होतच नाही. पोराचं जेवण साडेसातला उरका.

दिवाळीचा फराळ, मे महिन्यातला आमरस, वाढदिवसाचा केक यात बोलू नका, खाऊ दे मजेत. फक्त 'जाड्या', 'ढोल्या', 'बटाटा' हे घरात कुणीच म्हणायचं नाही, मामानेही नाही आणि गमतीतही नाही. आमच्या मामाला हे सांगायला मला दोन फोन आणि एक भांडण लागलं.

गेल्या महिन्यात यादीत साखर 3 किलो लिहिली. संध्याकाळी वाण्याचा फोन, "ताई, गावाला चाललाय का सगळे?"